जुन्या मुख्य दरवाज्याला नवीन लॉक बसवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक जण आधी लॉक आणतात आणि मग दरवाजा मोजायला जातात, आणि अर्ध्या अडचणी तिथूनच सुरू होतात. जुन्या दरवाज्याच्या बाबतीत क्रम उलटा हवा, आधी पल्ला आणि चौकट नीट बघायची, मग मापं घ्यायची आणि लॉक सगळ्यात शेवटी निवडायचं. लॉक कितीही भारी घेतलं तरी ते ज्या लाकडात बसलंय तेवढंच मजबूत असतं, म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांमध्ये लॉकपेक्षा लाकडाबद्दल जास्त लिहिलंय.

दरवाजा खूप जुना आहे, त्याला नवीन लॉक बसेल का?

लाकूड शाबूत असेल तर बसतं. शाबूत आहे का ते बघायला एक टोचा किंवा पातळ पेचकस घ्या आणि जिथे लॉक येणार त्या भागात, पल्ल्याच्या खालच्या कडेला आणि चौकटीच्या तळाशी दाबून बघा. टोक आत घुसत नसेल तर लाकूड चांगलं आहे, पण भुसभुशीत लागलं किंवा पोकळ आवाज आला तर तिथे वाळवी लागलेली असू शकते नाहीतर पाण्याने कुजलेलं असतं. मग आधी तो तुकडा बदलायचा, त्याच्यावर लॉक ठोकून काही उपयोग नाही कारण स्क्रू धरणारच नाहीत. चौकट हाताने हलवून बघा, भिंतीपासून सुटलेली असेल, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) ढिले झाले असतील तर ते काम पहिलं.

उलट गोष्टही खरी आहे, चांगल्या जुन्या लाकडाचा भरीव पल्ला आजच्या पोकळ फ्लश दरवाज्यापेक्षा लॉकला कितीतरी चांगला धरतो. त्यामुळे "जुना आहे म्हणून दरवाजाच बदला" असं कोणी सांगितलं तर लगेच हो म्हणू नका.

दरवाजा थोडा खाली झुकलाय, लॉक बसवल्यावर ठीक होईल ना?

नाही होणार, उलट जास्त त्रास देईल. आधी बिजागऱ्या बघा. दरवाजा अर्धवट उघडा, हँडलच्या बाजूने दोन्ही हातांनी वर उचला, वरची बिजागरी हलताना दिसली तर तिचे स्क्रू ढिले आहेत. स्क्रू फिरतच राहत असतील तर भोक मोठं झालंय, ते स्क्रू काढा, भोकात लाकडी काड्या गोंद लावून ठासून भरा, पूर्ण सुकू द्या, वर आलेलं कापा आणि मग परत स्क्रू मारा. किंवा सरळ जास्त लांबीचे स्क्रू वापरा, ते आतल्या न झिजलेल्या लाकडात जातात. बिजागरीची पिनच झिजली असेल तर बिजागरी बदला.

दरवाजा सरळ झाला की चौकट आणि पल्ला यांच्यात चारही बाजूंनी साधारण ३ मिमी फट दिसायला हवी. हे झाल्याशिवाय लॉकची एकही खूण करू नका, कारण झुकलेल्या दरवाज्यावर केलेली खूण तो सरळ केल्यावर चुकीची ठरते.

रिम लॉक, मॉर्टिस, लॅच, डेडबोल्ट... यातलं कुठलं घेऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

रिम लॉक म्हणजे जे आतल्या बाजूला दरवाज्यावर बसतं, त्याची पेटी बाहेर दिसते, पल्ल्यात फक्त सिलिंडरसाठी (किल्ली ज्यात जाते तो भाग) एक गोल भोक पाडावं लागतं. ज्याला आपण नुसतं लॅच म्हणतो, ओढलं की आपोआप लागतं, ते यातलंच. जुन्या दरवाज्यासाठी मला तरी हा पहिला पर्याय वाटतो, कारण लाकूड कमीत कमी कापलं जातं आणि पुढे कधी काढलं तरी दरवाजा खराब होत नाही. पण नुसत्या स्प्रिंगच्या जिभेवर भरवसा नको, ती फटीतून पातळ पत्रा किंवा कार्ड घालून मागे सरकवता येते. ज्यात किल्ली जास्त फिरवून जीभ जाम करता येते किंवा वेगळे चौकोनी बोल्ट बाहेर येतात असंच घ्या.

मॉर्टिस लॉक पल्ल्याच्या जाडीत खाच करून आत बसवतात. बाहेरून फक्त हँडल आणि पट्टी दिसते, दिसायला सुबक, नीट बसवलं तर भक्कमही. मात्र त्यासाठी पल्ल्याच्या कडेतून बरंच लाकूड काढावं लागतं. सुतारकामात साधा नियम आहे की खाचेची रुंदी पल्ल्याच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा फार जास्त नको. लॉकची पेटी साधारण १४ ते १६ मिमी जाड असते, म्हणजे दरवाजा ४५ मिमीच्या आसपास असेल तर छान, ३५ मिमीपेक्षा कमी असेल तर मॉर्टिसचा नाद सोडा, दोन्ही बाजूंना इतकं पातळ लाकूड उरतं की एका लाथेत तिथेच चिरतं.

डेडबोल्ट म्हणजे स्प्रिंग नसलेला भरीव बोल्ट, किल्लीने किंवा आतल्या खुंटीने फिरवला तरच हलतो. हँडल जसंच्या तसं ठेवून त्याच्या वर वेगळा डेडबोल्ट बसवणं हा चांगला मार्ग आहे. बोल्ट किमान २० ते २५ मिमी बाहेर येतो ना ते खरेदी करतानाच बघा.

गोल मुठीचं लॉक, ज्यात मुठीतच किल्ली असते, ते आतल्या खोल्यांसाठी ठीक आहे. मुख्य दरवाज्याला एकटं तेच लावू नका.

आमच्याकडे जुनं मोठ्या किल्लीचं लोखंडी कुलूप आहे, ते आताच्या लॉकपेक्षा मजबूत असतं ना?

लोखंड जाड असतं म्हणून मजबूत वाटतं, पण तोडायला अवघड आणि उघडायला अवघड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा बऱ्याच जुन्या कुलपांमध्ये आत फक्त ठरावीक आकाराचे अडथळे असतात, किल्लीची खाच त्या अडथळ्यांना चुकवून गेली की झालं, त्यामुळे बारीक करून घेतलेली एकच किल्ली अनेक कुलपांना लागते. लिव्हरचं कुलूप, ज्यात किल्ली आतल्या चपट्या पट्ट्या म्हणजे लिव्हर उचलते, ते त्यापेक्षा बरंच चांगलं. रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये दुहेरी लिव्हरचं पेटंट घेतलं, त्यात लिव्हर नेमका तेवढाच उचलावा लागतो, कमी नाही आणि जास्तही नाही. १८१८ मध्ये जेरेमाया चबने त्यात भर घातली, कोणी चुकीच्या हत्याराने लिव्हर जास्त उचलला की कुलूप अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कोणीतरी हात लावलाय. तरीही १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडून दाखवलं. आज आपण वापरतो ती छोट्या चपट्या किल्लीची पिनवाली रचना लायनस येल धाकटे यांनी १८६१ च्या सुमारास पेटंट केली.

तर तुमच्या कुलपाला किती लिव्हर आहेत ते बघा, बऱ्याचदा पट्टीवर कोरलेलं असतं. ५ किंवा जास्त असतील आणि आतून झिजलं नसेल तर राहू द्या आणि जोडीला दुसरं लॉक लावा. काहीच लिहिलेलं नसेल, किल्ली अगदी साधी असेल, तर त्याच्यावर विसंबू नका. दिसायला सुंदर आहे म्हणून जागेवर ठेवायला हरकत नाही.

अख्खं लॉक न बदलता फक्त किल्ली बदलता येते का?

येते, आणि पुष्कळ लोकांना एवढंच हवं असतं. किल्ली हरवली, घर नवीन घेतलं, आधीच्या लोकांकडे किल्ल्या असतील अशी शंका आहे, यासाठी नवी खाच पाडायची गरज नाही. मॉर्टिसमध्ये आरपार सिलिंडर असेल तर तेवढंच बदलतं. दरवाज्याच्या कडेवरच्या पट्टीत सिलिंडरच्या पातळीवर एक लांब स्क्रू असतो तो पूर्ण काढा, किल्ली घालून थोडीशी फिरवा म्हणजे मधला दात सिलिंडरच्या रेषेत येतो, मग सिलिंडर बाहेर ओढा. निघत नसेल तर जोर लावू नका, किल्ली जरा मागेपुढे करत राहा.

नवीन घेताना मधल्या स्क्रूच्या भोकाच्या केंद्रापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजा, उदाहरणार्थ ३५ आणि ४५. एकूण लांबी सांगून आणलं की हमखास एका बाजूला बाहेर येतं. बाहेरच्या बाजूने सिलिंडर प्लेटच्या पुढे ३ मिमीपेक्षा जास्त डोकावता कामा नये, कारण बाहेर आलेलं टोक पकडून पिळलं की ते मधल्या स्क्रूपाशी मोडतं, तीच त्याची सगळ्यात कमजोर जागा आहे. मोडण्याला आणि ड्रिलला विरोध करणारे सिलिंडर मिळतात, मुख्य दरवाज्याला तेच घ्या.

खरेदीआधी नक्की कोणती मापं घ्यायची?

पल्ल्याची जाडी, आणि ती कडेवर मोजा, नक्षी किंवा पट्टी धरून नाही. मग बॅकसेट, म्हणजे दरवाज्याच्या कडेपासून किल्लीच्या किंवा हँडलच्या भोकाच्या केंद्रापर्यंतचं अंतर. गोल भोकाच्या लॉकमध्ये हे बहुधा ६० किंवा ७० मिमी असतं, लॅचमध्ये ६० किंवा अरुंद पट्टीसाठी ४०. पॅनेलचा दरवाजा असेल तर कडेच्या उभ्या पट्टीची रुंदी मोजा, कारण लॉक त्या पट्टीतच मावलं पाहिजे, मधल्या पातळ पॅनेलमध्ये भोक गेलं तर काम वाया. मॉर्टिस बदलत असाल तर जुन्या पेटीची लांबी, रुंदी, जाडी आणि हँडलपासून किल्लीपर्यंतचं अंतर घ्या. मोबाईलमध्ये मोजपट्टीसकट फोटो काढून न्या, दुकानात आठवणीतून माप सांगण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. गोल लॉकचं मुख्य भोक ५४ मिमी आणि कडेचं २५ मिमी हे सगळ्यात प्रचलित माप आहे, पण पाकिटातला कागदी साचा जे सांगेल तेच शेवटचं.

डावं लॉक, उजवं लॉक काय प्रकार असतो?

बिजागरी कुठल्या बाजूला आहे आणि दरवाजा आत उघडतो की बाहेर, यावर ते ठरतं. प्रत्येक कंपनीची बोलायची पद्धत वेगळी, त्यामुळे डावं-उजवं या शब्दांत न अडकता सांगा की "मी बाहेर उभा आहे, बिजागऱ्या माझ्या डाव्या हाताला, दरवाजा आत ढकलला जातो". बऱ्याच लॉकमध्ये जीभ उलटी करून घेता येते, पण सगळ्यात नाही.

लॉक किती उंचीवर बसवायचं?

जमिनीपासून साधारण १ मीटर सोयीचं पडतं. पण पॅनेलच्या जुन्या दरवाज्यात आधी सांधे कुठे आहेत ते बघा. जिथे मधली आडवी पट्टी उभ्या पट्टीत घुसवलेली असते बरोबर तिथेच मॉर्टिसची खाच पाडली तर तुम्ही सांध्याचा जीवच काढून घेता, काही महिन्यांत दरवाजा हलायला लागतो. तिथून थोडं वर किंवा खाली घ्या. फ्लश दरवाज्यात आत फक्त ठरावीक जागीच भरीव लाकडाचा ठोकळा असतो, बोटाने ठोकत गेलात की आवाजावरून कळतं, लॉक तिथेच.

जुन्या लॉकची भोकं आहेत, नवीन त्यात बसत नाही, काय करू?

तीन मार्ग आहेत. नवीन लॉकची प्लेट मोठी असेल तर भोक तसंच झाकलं जातं, किंवा मुद्दाम मोठी कव्हर प्लेट मिळते ती लावायची. दुसरं म्हणजे भोक भरायचं, पण लांबीने (पुट्टीने) नाही, लाकडाच्या तुकड्याने. शक्यतो त्याच जातीचं लाकूड, रेषा पल्ल्याच्या रेषांच्या दिशेने, घट्ट बसेल असा तुकडा तासून गोंद लावून ठोकायचा, रात्रभर सुकवायचा आणि रंध्याने सपाट करायचा. त्यात परत ड्रिल मारता येतं, स्क्रूही धरतो. लांबी फक्त वरवरच्या बारीक फटींना, तिच्यात स्क्रू कधीच धरत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे जागा बदलणं. अर्धं जुनं भोक आणि अर्धं नवीन असं एकमेकांवर येत असेल तर भरत बसण्यापेक्षा १५ ते २० सेंटीमीटर वर सरका, कारण अर्धवट भोकावर होल सॉ (मोठं गोल भोक कापणारी ड्रिलची करवत) टेकायला मधे लाकूडच नसतं, तो घसरतो आणि पल्ला ओरबाडतो.

हत्यारं काय लागतील?

ड्रिल, योग्य मापाचा होल सॉ किंवा चपटा बिट, १२ आणि २५ मिमीची धारदार पटाशी, लाकडी हातोडी, मोजपट्टी, गुण्या, पेन्सिल, टोचा, पेचकस, मास्किंग टेप. पटाशीला धार नसेल तर काम सुरूच करू नका, बोथट पटाशी जास्त जोर मागते आणि नेमकी तेव्हाच ती घसरून हातात घुसते. चष्मा लावा.

रिम लॉक किंवा लॅच घरी बसवायचं तर कसं?

दरवाजा उघडा ठेवून खाली पाचर मारा म्हणजे हलणार नाही. कागदी साचा कडेला टेकवून केंद्राची खूण करा आणि टोच्याने खोल टिंब द्या. आधी बारीक बिटने आरपार सरळ भोक, मग मोठं भोक बहुतेक सिलिंडरना ३२ मिमीच्या आसपास. ते एका बाजूने सगळं मारायचं नाही, बाहेरून अर्ध्यापर्यंत जायचं आणि मग आतून पूर्ण करायचं, नाहीतर बिट बाहेर पडताना लाकडाची मोठी खपली उडवतो आणि जुन्या कोरड्या लाकडात तर हमखास. दोन्हीकडे मास्किंग टेप लावली तर कड आणखी स्वच्छ येते.

बाहेरून सिलिंडर घाला, आतून मागची प्लेट लावा, लांब स्क्रूने दोन्ही आवळा. सिलिंडरची मागची चपटी पट्टी आत जास्त लांब येते, तिच्यावर तोडायच्या खाचा असतात. प्लेटपासून १० ते १५ मिमी बाहेर राहील अशी पकडीने तोडा, पण पेटीच्या कागदावर दिलेलं माप आधी वाचा, फार आखूड तोडली की परत वाढवता येत नाही. मग पेटी चढवा, किल्ली फिरवून बघा, सगळं मोकळं फिरलं की पेटीचे स्क्रू मारा. चौकटीतलं घर, ज्यात जीभ शिरते, ते सगळ्यात शेवटी, पेटीतून जीभ बाहेर काढून दरवाजा हळूच चौकटीला टेकवा आणि जिथे ती येते तिथे खूण करा.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: किल्ली दोन्ही बाजूंनी चालते हे तपासेपर्यंत दरवाजा बंद करायचा नाही. अर्धवट बसलेलं लॅच लागलं की घरातली माणसं आत आणि किल्ली बिनकामाची.

मॉर्टिसची खाच सुताराशिवाय जमेल का?

हात पटाशीवर बसलेला असेल तर जमेल, नसेल तर आधी टाकाऊ लाकडावर एक पूर्ण खाच पाडून बघा. कडेवर बरोबर मध्यरेषा काढा, पेटीची उंची वरून खालून आखा. पेटीच्या जाडीइतक्या बिटने त्या रेषेवर एकाखाली एक भोकं पाडत या, बिटवर टेपचा तुकडा गुंडाळून खोलीची खूण करा. ड्रिल कडेला काटकोनात आहे ना हे दुसऱ्या कोणालातरी बाजूला उभं राहून बघायला सांगा, कारण ड्रिल धरणाऱ्याला स्वतःचा तिरपेपणा दिसत नाही आणि खोल जाताना एवढासा तिरपेपणा पल्ल्याच्या पृष्ठभागातून बाहेर येऊ शकतो. मग भोकांमधलं लाकूड पटाशीने काढा. पेटी हाताने दाबल्यावर आत जायला हवी, हातोडीने ठोकून बसवावी लागत असेल तर अजून तासा, ठोकलेली पेटी वाकते आणि किल्ली जड फिरते.

पेटी आत गेली की तिच्या पुढच्या पट्टीभोवती धारदार सुरीने रेघ मारा आणि पट्टीच्या जाडीएवढंच, साधारण ३ मिमी, लाकूड काढा म्हणजे ती कडेशी सपाट बसेल. हँडल आणि सिलिंडरच्या भोकांसाठी पेटी बाहेर काढून पल्ल्याच्या पृष्ठभागावर बरोबर त्याच उंचीला आणि पट्टीची जाडी धरून टेकवा, टोच्याने खुणा करा, आणि दोन्ही बाजूंनी ड्रिल मारा. खाचेतलं उघडं लाकूड वॉर्निश किंवा प्रायमरने एकदा पुसून घ्या, नाहीतर ते आतून दमट हवा पीत राहतं. ही पायरी बरेच जण सोडतात आणि मला ती सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथली फुगी बाहेरून दिसत नाही, फक्त लॉक हळूहळू जड होत जातं.

जुन्या लाकडात स्क्रू मारताना लाकूड फुटतं किंवा स्क्रू तुटतो, उपाय?

आधी बारीक भोक. ४ मिमीच्या स्क्रूला कडक लाकडात ३ मिमीचं भोक पुरतं. स्क्रूला मेण चोळा, साबण नको, तो ओल धरतो. पितळी स्क्रू मऊ असतात, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मारून वाट करा, काढा आणि मग पितळी घाला. शेवटचे आटे हाताने आवळा.

चौकटीतली पट्टी, जिच्या भोकात बोल्ट शिरतो, एवढी महत्त्वाची का म्हणतात? ती तर नुसती पत्र्याची असते.

नुसती पत्र्याची असते म्हणूनच! दरवाजा जोराने ढकलला तर लॉक क्वचितच तुटतं, चौकटीचं लाकूड बोल्टच्या घराजवळ फाटतं किंवा पट्टीचे अर्धा-पाऊण इंची स्क्रू उपटून येतात. लॉकवर भरपूर खर्च करून पाकिटात आलेल्या बारीक स्क्रूंनी पट्टी लावणं म्हणजे सगळी मेहनत तिथे सोडून देणं. जाड, लांब पट्टी घ्या, चार किंवा जास्त स्क्रू असलेली, आणि लाकडी चौकट असेल तर ७५ मिमीपर्यंतचे लांब स्क्रू वापरा म्हणजे ते चौकटीच्या गाभ्यात आणि शक्य असेल तिथे त्याच्याही मागे जातात. चौकट आणि भिंत यांच्यात पोकळी असेल तर त्या उंचीला ती भरून घ्या, मागे आधार असला की चौकट वाकत नाही.

बोल्टचं भोक पुरेसं खोल पाडा. खोली कमी असेल तर बोल्ट पूर्ण बाहेर येत नाही, बऱ्याच लॉकमध्ये तो पूर्ण बाहेर आल्यावरच आतून जाम होतो, म्हणजे वरून बंद दिसतं पण बोल्ट दाबून मागे सारता येतो. किल्ली पूर्ण फिरते का हे दरवाजा उघडा असताना आणि बंद असताना दोन्ही वेळा बघा, फरक जाणवला तर भोक उथळ आहे.

आणि एक बारीक गोष्ट. काही लॅचच्या जिभेशेजारी अजून एक छोटी खुंटी असते. दरवाजा बंद झाल्यावर ती पट्टीवर टेकून आत दाबलेली राहायला हवी, तेव्हाच मोठी जीभ कार्डाने सरकत नाही. पट्टीचं भोक कानसीने मोठं करत गेलात आणि ती खुंटीही भोकात पडायला लागली, की ही सुरक्षा संपली.

जीभ आणि पट्टीचं भोक जुळत नाही, जागा नेमकी कशी शोधायची?

बोल्टच्या टोकाला लिपस्टिक किंवा ओला खडू लावा, दरवाजा बंद करून किल्ली फिरवा, चौकटीवर डाग उमटतो तिथे भोक. १ ते २ मिमीचा फरक असेल तर पट्टीचं भोक कानसा, जास्त असेल तर पट्टी काढून, जुनी भोकं लाकडाने बुजवून परत बसवा.

कोरड्या हवेत लॉक छान चालतं, पावसाळ्यात दरवाजा ढकलल्याशिवाय किल्ली फिरत नाही.

लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पल्ला रुंदीत वाढतो आणि लॉकच्या बाजूला घासतो. लगेच रंधा मारायला धावू नका, भर ओलीत जास्त लाकूड काढलं तर कोरड्या दिवसांत मोठी फट पडते. आधी बघा की वरची आणि खालची कड रंगवलेली आहे का, तिथूनच सगळ्यात जास्त ओल शिरते आणि बहुतेक दरवाज्यांना तिथे रंगाचा हातही लागलेला नसतो. हवा कोरडी झाली की त्या कडा आणि लॉकची खाच दोन्ही बंद करा. तरीही घासत असेल तर घासतं तेवढीच जागा हलक्या हाताने तासा. लॉक बसवायचं काम दमट दिवसात करावं लागलं तर चौकटीतलं भोक किंचित सैल ठेवा.

दोन पल्ल्यांचा दरवाजा आहे, कुठे बसवू?

ज्या पल्ल्याने ये-जा होते त्याला लॉक, आणि दुसरा पल्ला वर-खाली टॉवर बोल्टने पक्का. लॉकची ताकद इथे त्या दुसऱ्या पल्ल्याच्या बोल्टांवर अवलंबून आहे, वरचा बोल्ट चौकटीत आणि खालचा उंबरठ्यात किंवा फरशीत खोल गेला पाहिजे. मधे दोन्ही पल्ले एकमेकांवर येतात तिथे खाचेची कड असेल तर साधं मॉर्टिस बसत नाही, त्याला वेगळी पायरीची पट्टी लागते. ही भानगड नको असेल तर रिम लॉक किंवा आडवा अल्ड्रॉप आणि चांगलं कुलूप.

दरवाजा बाहेर उघडतो, म्हणजे बिजागऱ्याही बाहेर, धोका आहे का?

आहे. पिन बाहेरून काढता येत असेल तर लॉक तसंच राहून पल्ला निघू शकतो. न निघणाऱ्या पिनच्या बिजागऱ्या लावा किंवा बिजागरीच्या बाजूला पल्ल्याच्या कडेत जाड स्टीलच्या खुंट्या बसवा, दरवाजा बंद झाला की त्या चौकटीत शिरतात.

आतूनही किल्लीनेच उघडेल असं लॉक जास्त सुरक्षित ना?

काचेच्या दरवाज्यात चोर काच फोडून आतली खुंटी फिरवेल म्हणून लोक हे लावतात. पण आग लागली, धूर भरला, दिवे गेले आणि किल्ली सापडली नाही तर तेच लॉक घरातल्यांना कोंडून ठेवतं. मुख्य दरवाजा आतून किल्लीशिवाय, एका हाताने, अंधारात उघडता आला पाहिजे, यावर मी तरी तडजोड करणार नाही. ब्रिटिश मानकांमध्ये यासाठी दोन वेगळे क्रमांक आहेत, बीएस ३६२१ दोन्हीकडून किल्लीचं आणि बीएस ८६२१ आतून किल्लीशिवाय उघडणारं. काचेची भीती असेल तर काच बदला, जाळी लावा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं घरात असतील तर हे आणखीनच महत्त्वाचं.

लॉकवर ग्रेड लिहिलेली असते, तिचा अर्थ काय?

अमेरिकन मानकात ग्रेड १ सगळ्यात दणकट, मग २, मग ३. आकडा मोठा म्हणजे चांगलं असं समजून उलटं घेऊ नका.

डिजिटल लॉक जुन्या दरवाज्याला चालेल?

चालेल, पण त्याला दरवाजा साध्या लॉकपेक्षा जास्त नीट लागतो. माणूस दरवाजा जरा खेचून, जरा उचलून किल्ली फिरवतो, मोटरला तसं करता येत नाही. बोल्ट घासला की ती जोर लावत राहते, बॅटरी लवकर संपते आणि कधीतरी अर्धवटच लागतं. म्हणून आधी साध्या किल्लीने बोल्ट एका बोटाच्या जोराने फिरतो का बघा, नसेल तर बिजागऱ्या आणि पट्टी दुरुस्त करा. पल्ल्याची जाडी कंपनीने दिलेल्या मर्यादेत हवी. बॅटरी संपली तर बाहेरून काय मार्ग आहे, साधी किल्ली आहे का की बाहेरून तात्पुरती वीज देता येते, हे विकत घेण्याआधी विचारा आणि ती किल्ली घरातच ठेवून बाहेर पडू नका. ऊन-पाऊस थेट लागत असेल तर बाहेरच्या भागाला पाणी चालतं का तेही बघा.

दरवाज्यावर रंगाचे खूप थर आहेत, घासून काढू का?

जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं, त्याची धूळ लहान मुलांना आणि गरोदर बायकांना फार घातक. कोरडं घासू नका. लॉकपुरती जागा ओली करून खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा, सगळं ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि काम चालू असताना मुलांना दूर ठेवा.

कोरीव काम असलेला दरवाजा आहे, त्याला भोक पाडायला मन होत नाही.

मग पाडू नका. आतल्या बाजूने आडवा जाड बोल्ट किंवा अडसर लावला तर रात्रीची सोय होते, आणि बाहेरून आधीचाच कडी-कोयंडा ठेवून कोयंडा जाड, आरपार नटबोल्टने आवळलेला आणि कुलूप बंद असताना स्क्रू झाकले जातील असा घ्या. किंवा जुन्या लॉकच्या भोकातच बसेल असं रिम सिलिंडर शोधा. एकदा कापलेली नक्षी परत येत नाही.

लॉक जड फिरतंय, खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू?

सिलिंडरमध्ये नको. तेलावर धूळ चिकटते, पिना चिकट होतात आणि काही दिवसांनी आधीपेक्षा वाईट होतं. ग्रॅफाइटची कोरडी पावडर किंवा कुलपांसाठी मिळणारा कोरडा स्प्रे मारा, किल्ली आतबाहेर करा, पुसा. तेल बिजागऱ्यांना घाला. आणि आधी दरवाजा उघडा ठेवून किल्ली फिरवून बघा, उघड्या दरवाज्यात हलकी फिरत असेल तर दोष लॉकचा नाही, पट्टी जुळत नाहीये.

सुताराला कधी बोलवायचं?

चौकट सुटलीय, लाकूड कुजलंय, पल्ला पातळ आहे किंवा दोन पल्ल्यांच्या मधे मॉर्टिस हवंय, तेव्हा. बोलावलंत तरी मापं तुमची तुम्ही घ्या आणि त्याला सांगा की चौकटीच्या पट्टीला लांब स्क्रू हवेत आणि खाच वॉर्निश करायची आहे. तो जाण्याआधी सगळ्या किल्ल्या एकेक करून बाहेरून आणि आतून फिरवून बघा. लॉकसोबत किल्लीचं कोड कार्ड आलं असेल तर ते किल्लीच्या जुडग्यात नाही, घरात जपून ठेवा.

जुनं किल्लीचं भोक आरपार दिसतं, त्यातून वारा येतो, त्याचं काय?

लाकडी खुंटी गोंद लावून ठोका आणि कापून सपाट करा, किंवा वरून फिरती झाकणी लावा.